दीड हाताचा जांभळा थर

खोकेकाकांचा तोरा असा, की हात पुसल्याशिवाय ते ऑफिसच्या मोठ्या सरांनासुद्धा खोक्याला शिवू देत नसत. जमिनीत खोल भोक पाडून काढलेले दगडाचे दांडे, म्हणजे कोअर, लाकडी खोक्यांत ओळीने मांडून सांभाळायचं हे त्यांचं काम. कुठला तुकडा किती खोलीवरचा, ते झोपेतून उठवलं तरी सांगत. "बायकोचा वाढदिवस विसरेन, पण खोका नाही," असं ऐटीत म्हणायचे. बायको म्हणायची, "विसरेन कशाला, विसरताच की दरवर्षी!"

आता या दगडांची गंमत ऐका. दीडशे कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राचा हा गाळ. तेव्हा पृथ्वीवर ना मासा होता ना शिंपला. नव्या दगडांत शिंपले सापडतात, त्यांवरून कुठला थर आधीचा, कुठला नंतरचा ते ताडून बघता येतं. इथे साक्षीला कोणीच नाही. खाली काय आणि वर काय, त्या क्रमावरच सगळी भिस्त. आणि तो क्रम खोकेकाकांच्या हातात! भोक पाडणाऱ्या यंत्रावरच्या लोकांनी केलेल्या खडूच्या खुणा धुताना जातात, म्हणून नियम साधा होता: तुकडा धुतला की लगेच त्यावर रंगाने बाण आणि आकडा काढायचा, मगच दुसऱ्याला हात लावायचा.

अकरा वर्षांपूर्वी काकांनी एक्केचाळीस नंबरचा अख्खा खोका धुतला आणि म्हणाले, आधी चहा घेऊ, बाण मग काढू. चहा घेऊन आले, आणि अंगात काय संचारलं देव जाणे, दोन खोके एकावर एक उचलले. वरचा, नेमका एक्केचाळीसचा, घसरला. पांढरट चुनखडक आणि जांभळा शेल, म्हणजे चिखलाचा झालेला पापुद्र्यांचा दगड, सगळे तुकडे फरशीवर पसरले.

हाक मारली असती तर यंत्रावरची नोंदवही पाहून निम्मं तरी जुळलं असतं. पण खोकेकाकांच्या हातून खोका पडला असं कसं म्हणायचं? नाक कापलं गेलं असतं ना! तुटक्या कडा जुळवत त्यांनी अंदाजाने सगळं मांडलं. शेल चुनखडकाच्या खाली होता हे त्यांना आठवत होतं, तरी काही जांभळे तुकडे मधेच नेमके बसले. बसले तर बसले. वर ठळक बाणही काढले.

दुपारी मोठे सर आले, वाकले आणि ओरडलेच, "अरे, चुनखडकाच्या मधे शेल! हा थर कोणाला दिसलाच नव्हता!" काकांची पाठ थोपटून म्हणाले, "तुझी मांडणी म्हणून दिसला." तेव्हाच बोलायचं होतं. पण काका फडक्याने खोका पुसत राहिले. पुढे तो दीड हाताचा थर नकाशात गेला, विद्यार्थी येऊन त्यावर बोटं फिरवू लागले, आणि काका दर वेळी काहीतरी निमित्त काढून खोक्यांच्या शेडबाहेर जायचे. शरमेने अन्न गोड लागत नसे.

यंदा नवी भूवैज्ञानिक आली, करारावरची, काकांच्या मुलीएवढी. ते तिला ताई म्हणत. तिने जुन्या भोकापासून कोसभर अंतरावर नवं भोक पाडलं. चुनखडक आला, शेल आला, पण मधला थर काही येईना. मोठे सर भडकले. "तुझ्या लोकांनी कोअर हरवलाय. शुक्रवारपर्यंत नीट अहवाल दे, नाहीतर करार संपला समज."

काकांनी घरी बायकोला सगळं सांगितलं, अकरा वर्षांत पहिल्यांदा. तिने हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाली, "तुमची नोकरी राहिली दोन वर्षं. तिची आत्ता सुरू होतेय. शेण तुम्ही खायचं आणि तोंड तिने धुवायचं होय?"

गुरुवारी संध्याकाळी ते ताईच्या ऑफिसच्या दारापर्यंत गेले. आत दिवा होता, टाईप केल्याचा आवाज येत होता. काम चाललंय, कशाला त्रास द्या, असं स्वतःलाच सांगून भित्रा माणूस घरी गेला.

शुक्रवारी सकाळी मात्र आत शिरले. ताईने त्यांना पाहिलं आणि टेबलावरचे कागद पालथे घातले.

"तुम्हाला कळलं वाटतं, काका."

"काय?"

"काल संध्याकाळी मी तो थर लिहिला. माझ्या कोअरमध्ये तो नाही, माझा कोअर तुम्हीच तर मांडलाय. तरी लिहिला, सही केली, सरांकडे पाठवला." तिचे डोळे भरले. "तुम्हाला तोंड कसं दाखवू, हेच मनात होतं. एक तुकडा इकडचा तिकडे न करणारा माणूस तुम्ही."

काकांना वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. खुर्चीची पाठ घट्ट धरून ते म्हणाले, "ताई, तो थर कुठेच नाही. खोका माझ्या हातून पडला होता." मग चहापासून बाणांपर्यंत सगळं सांगितलं, काही राखलं नाही.

ती ऐकत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "काल का नाही सांगितलंत?"

दारापर्यंत येऊन गेलो, हे सांगायची त्यांची हिंमत झाली नाही.

तिने डोळे पुसले, अहवालाच्या प्रतीचे ते पालथे कागद उचलले. "चला वर, सरांकडे. आधी तुम्ही सांगा, मग मी माझं सांगते."

जिना चढताना ते दोनदा धाप लागून थांबले. ती थांबली, पण वळून पाहिलं नाही.