डिझेल जीप आणि इंदूची व्हॅन

त्या रविवारी आम्ही नवरा-बायकोनं अंगणात दोन्ही गाड्यांचं काम काढलं. माझी डिझेल जीप, इंदूची पेट्रोल व्हॅन. दोन्ही जुन्या. मी जीपचं ऑइल बदललं, तिनं व्हॅनचे प्लग घासले. हात काळे, भांडण चालू. तिचं माहेर धुळ्याकडचं, चिडवायची तिकडच्या बोलीत.

"तुमनी जीप म्हणजे रेडा शे. आवाज जास्ती, चाल कमी."

तुझी व्हॅन पत्र्याचा डबा, मी म्हणालो.

सोमवारी सकाळी ती उठलीच नाही.

मी चौथी शिकलो, मग जन्मभर जीप चालवली. इंदू उतारवयात व्हॅन शिकली. मुक्ताईनगरजवळच्या आमच्या गावातून नर्सिंगच्या पोरी रोज जळगावला न्यायची. गावात सगळे तिला अक्का म्हणत, मला नाना. व्हॅनला पिकअप चांगला, पण खड्ड्यात पोट घासतं, स्पेअर शोधत फिरावं लागतं. जीप ऑइल पिते, पण सामान उचलते, कुठलाही मिस्त्री उघडतो. मी जीपच्याच बाजूचा.

तेरावं होईपर्यंत मी गाडीला हात लावला नाही. दोन्ही उभ्या. मग गावातला भास्कर आला. त्याची मुलगी रूपाली त्याच पोरींतली. परीक्षा सुरू होत होती आणि बदलीचा गाडीवाला ऐन वेळी नाही म्हणाला होता. नाना, तुम्ही सोडता का, असं विचारलं. मी जीप काढली. व्हॅनकडं बघवत नव्हतं.

दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसायला लागल्या आणि जीप झटके देऊन बंद पडली.

गाडीनं एअर घेतली होती. म्हणजे डिझेलच्या पाइपात हवा शिरली. हवा मधे आली की इंजिनाला डिझेल पोचत नाही. उभ्या गाडीत ढिल्या सांध्यातून असं होतं. स्क्रू सैल करायचा, हातपंप मारायचा, बुडबुडे संपले की स्क्रू आवळायचा. माझे बुडबुडे संपेनात.

पोरी हायवेवर हात करत होत्या. कोणी थांबेना. रूपाली जवळ आली.

"नाना, कॉलेजचं गेट बंद झालं तर वर्ष जाईल."

"माहितीय मला."

"अक्काची व्हॅन आणायची होती."

"गप उभी राहा."

ती रडायला लागली, पण आवाज न करता. मग पाइपावर बोट फिरवलं तर एक सांधा ओला लागला. हवा तिथूनच ओढत होती. आवळला, वरून अंगाचा साबण लिंपला. साबण डिझेलमध्ये विरघळत नाही, चिकटून राहतो. पुन्हा पंप मारला. बुडबुडे थांबले. किल्ली फिरवून सेल मारला, जीपनं धूर सोडला आणि उठली.

जळगावला वॉचमन गेट ओढतच होता. पोरी पळत आत घुसल्या.

संध्याकाळी भास्कर खाली मान घालून बोलला.

"नाना, उद्यापासून दुसरी गाडी बघू का? पोरी घाबरल्या. अक्कानं कधी असं होऊ दिलं नाही."

इंदूनं उभं केलेलं काम होतं ते.

"सकाळी पोरींना दारात उभं ठेव," मी म्हणालो. आणि व्हॅनची बॅटरी चार्जिंगला लावली.

दणकट कुठली, नाजूक कुठली, यावर आम्ही फुकट भांडलो. उभी ठेवली की कुठलीही गाडी बिघडते.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॅनमध्ये बसलो तर गुडघे स्टिअरिंगला अडले. इंदू बुटकी होती. खाली हात घालून खटका ओढला, सीट मागं सरकवली, आणि सेल मारला.