मागच्या काचेचं ऊन

माझी मुलगी अकरा वर्षांची असताना तिला ऊन सोसेनासं झालं. आधी गालांवर लाल चट्टे उठले, मग बोटांचे सांधे सुजले, मग संध्याकाळ झाली की ताप. मुरबाडच्या डॉक्टरांनी मलम दिलं. त्याने काही झालं नाही तेव्हा कल्याणला पाठवलं आणि कल्याणहून मुंबईच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त-लघवी तपासून सांगितलं की हा आजार बाहेरून लागलेला नाही, अंगातूनच उठतो आणि ऊन लागलं की भडकतो.

"हिला उन्हात काढायचंच नाही," त्या म्हणाल्या. "काचेतून येणारं ऊनसुद्धा नको."

दोन हजार सालाच्या आसपासची ही गोष्ट. मी घरी बसून ब्लाउज शिवायची, नवरा एसटीत कंडक्टर. आम्ही खिडक्यांना गोधड्या लावल्या. आत अंधार झाला म्हणून माझं मशीन ओटीवर आलं. मुलगी आत भिंतीला टेकून बसायची आणि मशीन थांबलं की विचारायची, "आई, आता बाहेर काय चाललंय?" मी सांगायची, कोंबड्या आल्यात, पोस्टमन चाललाय. तिची शाळा तर सुटलीच होती. सात महिने असेच गेले.

हॉस्पिटल मात्र सुटत नव्हतं. अंधारात निघून अंधारात परतायचं, हेही करून झालं. पण अंधार पडेपर्यंत पोरीला घेऊन बसायचं कुठे? तिथल्या व्हरांड्याला माणसाच्या उंचीच्या खिडक्या. आम्ही जिन्याखाली बसायचो. तापलेल्या पोरीला लादीवर निजवून मी दहा-दहा तास तिथे काढलेत.

एप्रिलमध्ये तिचे पाय सुजायला लागले. सकाळी चप्पल चढेना. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि त्यांचा चेहरा उतरला. आजार मूत्रपिंडांपर्यंत पोचला होता. येत्या सोमवारपासून रोज एक, असे पाच दिवस सलाईनमधून औषध द्यायचं होतं आणि वॉर्डात खाट नव्हती.

"रोज आणा. सकाळी लावू, दुपारी सोडू. यात एकही दिवस चुकवू नका."

"बाई, आणू कशी?" मी विचारलं. "दुपारचं ऊन आहे."

त्यांनी विचार करून एक चिठ्ठी लिहून दिली. गाडीच्या काचांना लावायची एक फिल्म मिळते, म्हणाल्या. नुसती काळी नको, उन्हातले किरण अडवणारी. पुढची काच दुपदरी असते, ती बरेच किरण अडवते; बाकी सगळ्या काचांना लावा. पोलिसांनी अडवलं तर ही चिठ्ठी दाखवा.

गाडी माझ्या धाकट्या भावाची होती. तो शहापूरजवळ शेणव्याला राहायचा आणि जुनी गाडी भाड्याने चालवायचा. त्या दिवशी तोच आम्हाला घेऊन आला होता आणि परत त्याच्याच घरी नेणार होता. मागच्या काचेवर आम्ही चादर अडकवली होती, कारण मुंबईहून शहापूरकडे दुपारनंतर परत येताना ऊन पाठीमागून येतं. भिवंडीच्या पुढे एक ट्रक मागून अगदी जवळ आला, चादरीमुळे तो आधी दिसलाच नव्हता म्हणून भाऊ दचकला, गाडी डगमगली, चादर सुटली. पुन्हा लावेपर्यंत चार-पाच मिनिटं गेली असतील. तेवढ्यात पोरीच्या मानेवर ऊन पडलं. दुसऱ्या दिवशी तिथे फोड होते.

शनिवारी भाऊ कल्याणला जाऊन फिल्म घेऊन आला. दुकानदाराकडे तसल्या फिल्मचा शेवटचा तुकडा उरला होता, पुढचा माल आठवड्याने येणार होता. रविवारी सकाळी मुलीला शेणव्याला भावजयीपाशी ठेवून भाऊ आणि मी शहापूरला गेलो. हायवेच्या कडेला पत्र्याची शेड टाकून एक मिस्त्री सीट कव्हर आणि काचांची कामं करायचा. पन्नाशीचा, सडपातळ, तोंडात कायम बडीशेप.

बाजूच्या काचा त्याने तासाभरात केल्या. शाम्पूचं पाणी फवारायचं, फिल्म टेकवायची, रबरी पट्टीने पाणी काढून टाकायचं. बघायला बरं वाटत होतं. मग तो मागे आला, काचेवरून हात फिरवला आणि म्हणाला, "ही गोल हाय. वरून खाली पन गोल, आडवी पन गोल. हिला आमी तीन पट्ट्या लावतो."

"जोडातून ऊन येईल," मी म्हणाले.

"पट्टीवर पट्टी चढवतो ना."

"ताई, ती नाय टिकत," भाऊ मला म्हणाला. "माझ्या मित्राची तशीच सुटली, वाऱ्याने फडफडते."

मी मिस्त्रीला चिठ्ठी दाखवली. त्याला वाचता येत नव्हती, मी वाचून दाखवली. मुलीचं वय सांगितलं. त्याने बडीशेप थुंकली आणि म्हणाला, "बरं, एकच तुकडा लावून बघू."

उरलेल्या फिल्ममध्ये मागच्या काचेचे दोन तुकडे निघत होते. त्याने एक कापला आणि काचेच्या बाहेरून पसरला. आधी बाहेरून आकार द्यायचा आणि मग तीच आतून लावायची, अशी ती रीत. सपाट फिल्म गोल काचेवर कशी बसणार? वरखाली चुण्या उभ्या राहिल्या. त्या गरम हवेने आवळून बसवायच्या असतात. त्याने गरम हवेचं मशीन सुरू केलं. एक चुणी दाबली की शेजारी दुसरी उठायची. त्याने मशीन आणखी जवळ नेलं. फिल्म एकदम आक्रसली, पांढरी पडली आणि मध्ये भोक पडलं.

भाऊ गाडीला पाठ लावून खाली बसला.

"दुसऱ्याचं पन असंच व्हईल," मिस्त्री म्हणाला. "मी सांगतो पट्ट्या लावा."

मी काही उत्तर द्यायच्या आत शेडमधला पंखा थांबला. बारा वाजले होते. शहापूरची वीज रोज बाराला जायची आणि चारला यायची.

ते चार तास मला आजही नीट सांगता येत नाहीत. शेजारच्या बूथवरून मी शेणव्याला किराणा दुकानात फोन लावून भावजयीला बोलावून घेतलं. "पाय कसे आहेत?" तर ती म्हणाली, "ताई, आता तोंडावर पन सूज हाय. पापण्या जड झाल्यात तिच्या." मी रिसीव्हर ठेवला आणि बूथच्या बाहेर उन्हात उभी राहिले. समोर हायवेवर माणसं ट्रकच्या टपांवर बसून चालली होती, उघड्या डोक्याने. मला त्या सगळ्यांचा राग आला. उन्हात बसायला मिळतंय आणि त्यांना त्याचं काही नाही.

परत आले तेव्हा जळलेला तुकडा जमिनीवर पडला होता. मी तो उचलून मांडीवर घेतला. हाताला काही तरी लागतं म्हणून तो ओढत बसले, कापड ओढून बघतात तसा. शिवणाऱ्या बाईचा हात आपोआप कापडाचा उभा-आडवा धागा बघतो. आडवा ताणला की कापड देतं, उभा देत नाही. बाही चुकीच्या धाग्यावर कापली तर ती खांद्यावर कधीच बसत नाही, कितीही इस्त्री फिरवा. फिल्मला धागा नसतो हे मला कळत होतं. पण जळलेल्या भोकाकडे बघितलं तर ते गोल नव्हतं. लांबट होतं. फिल्म एकाच बाजूने ओढली गेली होती.

मी कात्री मागितली. न जळलेल्या भागातून वीतभर चौकोन कापला आणि गुंडाळीची लांबी ज्या बाजूला होती तिकडे पेनाने रेघ मारली. शेजारी चहाच्या टपरीवर स्टो चालू होता. चहावाल्याला विचारून मी तो चौकोन आचेच्या वर, दोन वीत उंच, धरला. तो रेघेच्या दिशेने आखडला. चांगला बोटभर. रुंदीला होता तेवढाच राहिला. मी दुसरा चौकोन कापला. तेच. तिसरा कापला. तेच.

मी मिस्त्रीकडे गेले. "दादा, ही एकाच बाजूने आवळते. लांबीच्या. तुम्ही लांबी आडवी टाकली होती. ती उभी टाका, वरून खाली."

"बाई, वीस वर्षं मी हेच काम करतो."

"सपाट काचांचं."

त्याचा चेहरा बदलला. "मंग तुमीच लावा ना."

"मी लावू शकत नाही म्हणून तर तुमच्या दारात बसलेय," मी म्हणाले आणि मला रडू फुटलं. इतक्या महिन्यांत मी परक्या माणसासमोर रडले नव्हते. त्याच्यासमोर रडले, हातात ते तीन चौकोन घेऊन. त्याने ते माझ्या हातातून घेतले, एकावर एक ठेवून बघितले, पुन्हा वेगळे केले. मग उरलेली फिल्म उचलून काचेवर उभी धरली.

"उभी टाकली तर कडेला बोटभर पन शिल्लक नाय राहत," तो म्हणाला. "जरा सरकली तर गेली."

"मी धरते," भाऊ उठला. "म्हंजे, मी धरतो."

रडता रडता मला हसू आलं. मिस्त्रीही हसला.

चारला वीज आली. फिल्म टाकली. भावाने एक बाजू धरली, मी दुसरी. मिस्त्रीने मधून सुरुवात केली आणि चुण्या वर आणि खाली वळवत नेल्या. गरम हवा लागली की चुणी आखडायची आणि तो जाड कार्डाने ती दाबून सपाट करायचा. बसत होती. एकेक चुणी खरोखर बसत होती. वरची सगळी झाली. खालची निम्मी झाली. आणि पंखा पुन्हा थांबला.

"आयला," मिस्त्री म्हणाला. "पाणी सुकलं तर ह्या चुण्या तशाच धरतील. मंग नाय निघायच्या."

कधी येणार वीज, कोणालाच माहीत नव्हतं. मी पाणी फवारत राहिले, पण तापलेल्या काचेवर ते टिकत नव्हतं. पलीकडे लाँड्रीवाल्याची टपरी होती. त्याच्याकडे कोळशाची इस्त्री असणारच. मी हायवे ओलांडला तो कसा ओलांडला मला आठवत नाही, एवढं आठवतं की एका टेम्पोवाल्याने शिवी दिली. लाँड्रीवाला कोणाची तरी पँट इस्त्री करत होता. मी म्हटलं, "भाऊ, इस्त्री द्या, पोरीसाठी पाहिजे." त्याने पँट उचलली आणि इस्त्री देऊन टाकली. कशाला म्हणून विचारलंसुद्धा नाही.

इस्त्री फिल्मला टेकवून चालणार नव्हतं. मी ती दोन बोटं लांब धरून चुणीवरून फिरवायची आणि मिस्त्री लगेच कार्ड मारायचा. जड होती, दोन्ही हातांनी धरावी लागत होती. एका जागी जास्त थांबलं तर काचच फुटेल, असं तो दर वेळी बजावत होता. "हलव, हलव, थांबू नको गो," तो ओरडत होता, आणि आपण मला अगं-तुगं करतोय हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. खालच्या डाव्या कोपऱ्यात एक चुणी राहिली ती राहिलीच. पंख्यासारख्या पांढऱ्या रेघा उमटल्या. बाकी सगळी काच एकसारखी गुळगुळीत झाली.

फिल्म आतून लावायचं काम त्याने एकट्याने केलं. मागच्या सीटवर उताणा पडून, मान वाकडी करून, तासभर. आम्हाला त्याने हात लावू दिला नाही. बाहेर आला तेव्हा त्याला सरळ उभं राहता येत नव्हतं.

"उद्याच काचा खाली करू नका, फिल्म वली हाय," एवढंच म्हणाला. मग जरा थांबून, "पोरीला बरं वाटलं तर सांगा."

सोमवारी पहाटे निघालो. सलाईन लागलं. दुपारी दीडला आम्हाला सोडलं. ऊन असं होतं की डांबर चिकटत होतं. मुलीला मागे बसवलं. मी तिच्या शेजारी, आणि सगळा रस्ता मी रस्त्याकडे बघितलंच नाही. तिच्या गालाकडे बघत होते, मानेकडे बघत होते. ठाणं गेलं, भिवंडी गेली. भिवंडीनंतर ऊन पाठीमागून आलं, तिच्या खांद्यावर पडलं. काळसर, थंडावल्यासारखं. मी त्यावर हात ठेवला. मग तिने माझा हात बाजूला केला, सीटवर गुडघे टेकले आणि उलटी फिरून मागच्या काचेतून बघायला लागली.

"खाली बस," मी म्हणाले.

"आई, थांब ना. मोटारसायकलवर चार माणसं हायत बघ." थोड्या वेळाने, "आई, त्या शेतात किती जनावरं." मग ती सीटच्या पाठीवर हनुवटी टेकून बघत राहिली. मग, "दुपार अशी असते ना? मी विसरलेच होते."

पुढे बसलेला भाऊ आरशात बघत होता. त्याने एक हात सोडून डोळे पुसले.

रात्री तिला ताप आला नाही. अंगावर नवा चट्टा नव्हता. मंगळवारी गेलो, बुधवारी गेलो. खारेगावजवळ एकदा पोलिसाने अडवलं. चिठ्ठी वाचली, आत डोकावून पोरीकडे बघितलं आणि शिट्टी तोंडात धरून नुसता हात हलवला. चौथ्या दिवशी तिच्या पायात चप्पल चढली. घोट्यावर बोट दाबलं तर खड्डा पडत नव्हता.

शुक्रवारी डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. मूत्रपिंडं सध्या तरी वाचलीत, त्या म्हणाल्या. आजार जाणार नाही. गोळ्या कायम, तपासण्या कायम, ऊन कायमचं बंद. मी हो म्हटलं. मला आणखी काही विचारायचं होतं, पण ते काय होतं ते आठवेना. बाहेर येऊन भावाला सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजे चांगलं का वाईट?" मी त्याला गाडी सावलीत आणायला सांगितली आणि आत गेले. आत बाकावर मुलगी सलाईनची सुई निघायची वाट बघत बसली होती, आणि मी दिसताच आज पुढच्या सीटवर बसू दे म्हणून हट्ट करायला लागली.