वलगावच्या मैदानावर ऐकू न आलेला दम

हाफ टाइमची शिट्टी झाली तेव्हा आम्ही सहा गुणांनी मागे होतो आणि मी पंचांशी भांडत होते.

"सर, प्रज्ञाचा दम तुटलाच नाही."

"मॅडम, मले ऐकू नाही आला. ऐकू नाही आला म्हणजे तुटला."

कबड्डीत चढाई करणाऱ्या मुलीला परत येईपर्यंत एका श्वासात 'कबड्डी, कबड्डी' म्हणत राहावं लागतं. त्याला दम म्हणतात. तो पंचांना ऐकू आला नाही, तर ती बाद.

मी अकोल्याच्या मुलींची कोच. समोर अमरावतीचा संघ आणि फायनल त्यांच्या वलगावात. जिंकेल तो राज्य स्पर्धेला जाणार. प्रज्ञाचं ज्युनिअर गटातलं हे शेवटचं वर्ष होतं. राज्याचं सर्टिफिकेट मिळालं, तर पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेसाठी तिला अर्ज करता येणार होता. हरलो की तो विषय संपला.

घरच्या मैदानावर संघ जास्त का जिंकतात, असं लोक विचारतात. माती ओळखीची असते, झोप घरच्या अंथरुणात होते, हे खरंच. पण वलगावचे प्रेक्षक हा खेळ कोळून प्यायलेले. त्यांची मुलगी चढाईला गेली की सगळे चिडीचूप. आमची गेली की डफडी, ताटल्या, शिट्ट्या. सकाळी याच मंडळींनी आम्हाला आग्रह करकरून आलुबोंडे खाऊ घातले होते, त्यामुळे धड रागही धरता येईना. पंच बेइमान नव्हते. बिचाऱ्यांना खरंच ऐकू येत नव्हतं.

मी मुलींना गोळा केलं. "आता पंच ज्या रेषेवर उभे हायेत, तिथूनच जायचं. त्यायच्या कानाशी बोंबलायचं."

प्रज्ञा वैतागली. "मॅडम, मंग समोरच्या पोरीयले समजीन ना, मी कुठून येऊन राहिली ते."

"समजू दे. तुले धरतीन तवा पाहू."

पहिल्याच चढाईत धरली की तिला. पण मग त्यांच्या सगळ्या पोरी त्याच कोपऱ्यात दाटी करायला लागल्या आणि प्रज्ञाचं फावलं. हात फिरवला की दोघींना लागायचा. दम पंचांना स्पष्ट ऐकू येत होता. गुण बरोबरीत आले.

शेवटची चढाई त्यांच्या कॅप्टनची. ती पंचांपासून लांबच्या कोपऱ्यात घुसली, आणि आता मात्र वलगावला राहवेना. डफडी कडाडली. अख्खं गाव तिच्या नावानं ओरडू लागलं. पंचांनी मान पुढे काढून ऐकायचा प्रयत्न केला आणि शिट्टी फुंकली.

दम ऐकू आला नाही. बाद. एका गुणानं आम्ही जिंकलो. मी वय, साडी सगळं विसरून मैदानात धावले.

डफडीवाले काका कपाळाला हात लावून म्हणाले, "मॅडम, आमीच हरवलं आमच्या पोरीले."

प्रज्ञा राज्य स्पर्धा खेळली. आज ती अकोल्यात पोलीस आहे. आणि घरच्या प्रेक्षकांना माझा एकच सल्ला असतो: आपल्या संघावर जीव असेल, तर तो तोंड मिटून लावा.