सलमाबादमधलं चिलीचं कस्टम्स

कुत्रा दुसऱ्यांदा बसला.

पहिल्यांदा बसला तेव्हा आमचा अख्खा ग्रुप हसला होता. ते ठरलेलंच होतं. पण सँटियागोच्या एअरपोर्टवर कस्टम्सचा हा वास काढणारा बीगल कुत्रा दुसऱ्यांदा बसेल, हे माझ्या प्लॅनमध्ये कुठेच नव्हतं; तो बसला म्हणजे बॅगेत खाऊ आहे. उंचीने तो माझ्या गुडघ्याला लागत होता, पण त्या क्षणी म्हणाल तर उंटाएवढा दिसला. आणि बसला होता तो माझ्याच बॅगेसमोर.

चिली हा देश खाण्यापिण्याच्या बाबतीत जगात सर्वात संशयी आहे. त्यांची फळबाग हा त्यांचा जीव की प्राण. बाहेरून एक बी, एक किडा आत येऊ नये म्हणून आल्या आल्या फॉर्म असतो, आता मोबाईलवर भरतात. तुमच्याकडे फळ, भाजी, मांस, मासळी काही आहे का? 'हो' म्हटलं की बघतात, नको ते ठेवून घेतात, जा म्हणतात. 'नाही' म्हटलं आणि सापडलं, की बाजूला घेतात. मग जबाब, दंड, कागद. दोन तास कुठे गेले नाहीत.

आणि आमच्याकडे बरोबर दोन तासच होते. पलीकडच्या टर्मिनलवरून दक्षिणेकडची फ्लाइट. ती आठवड्यात मोजक्या दिवशीच असते. ती चुकली की दुसऱ्या सकाळची बोट चुकली. बोट चुकली की ग्लेशियर गेलं. म्हणजे दाऊदचाचांचा बर्फ गेला.

आता दाऊदचाचा कोण ते सांगतो. मूळचे दापोलीकडचे. बहरीनमध्ये अस्करला अॅल्युमिनियमच्या स्मेल्टरमध्ये तीस वर्षं पॉटरूमला. पॉटरूम म्हणजे जिथे साडेनऊशे डिग्रीला धातू तयार होतो ती जागा. बहरीनचा ऑगस्ट ज्याला गार वाटतो असा मी पाहिलेला हा एकमेव माणूस. रिटायर व्हायला तीन महिने असताना बाब अल बहरीनजवळच्या आमच्या टूर कंपनीच्या ऑफिसात आले, भिंतीवरच्या निळ्या ग्लेशियरच्या पोस्टरवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "सावंत, मना हा बघायचा हाय. बाकी तू काय पण दाखव."

"चाचा, युरोपात पण बर्फ आहे. जवळ पडेल."

"तू ह्याच्याच गोष्टी सांगतोस ना सगल्यांना? मग हाच."

खरं होतं. अकरा वर्षं मी ते ग्लेशियर विकत होतो. असं वर्णन करायचो, की ऐकता ऐकता गिऱ्हाईक एसी बंद करा म्हणायचं. रिओ, इग्वासू, ब्युनोस आयर्स मी इतक्या वेळा केलं होतं, की तिथले टॅक्सीवाले मला लग्नाला बोलावतात. पण दक्षिणेचं ते टोक मी स्वतः कधी पाहिलेलं नव्हतं. हे ऑफिसात कोणाला ठाऊक नव्हतं. मालक अबू खालिद यांनाही नाही. चाचांमुळे तेरा जणांचा ग्रुप जमला आणि अबू खालिद म्हणाले, "सावंत, यू गो. यू नो द प्लेस." मी मान हलवली.

ग्रुप कसा, तर निम्मे रत्नागिरी-रायगडचे कोकणी मुसलमान, निम्मे पुण्या-मुंबईचे इंजिनियर आणि बँकवाले. एकांना हलाल हवं, दुसऱ्यांना शाकाहारी. म्हणजे प्रत्येक घरातून डबे निघणार. जगातल्या कुठल्याही मराठी ग्रुपचं सामान उघडा, कपडे खाली आणि खाऊ वर.

म्हणून मी एक युक्ती काढली. ही माझी स्वतःची आहे, धंद्यात मला कोणी शिकवलेली नाही. निघायच्या आठ दिवस आधी, शुक्रवारी, सगळ्यांना बॅगांसकट बहरीनमधल्याच सलमाबादला बोलावलं. तिथे ओळखीच्या एका गोडाऊनमध्ये चिलीचं कस्टम्स उभं केलं. दोन टेबलं, एक लाल रिबन आणि इन्स्पेक्टर म्हणून गोडाऊनचा स्टोअरकीपर वर्गीस. वर्गीस केरळचा. बावीस वर्षं गेटवर उभं राहून बाहेर जाणाऱ्या माणसाच्या नुसत्या चालीवरून खिशात नट आहे की बोल्ट ते सांगतो. चिलीवाल्यांनी त्याला नेला तर कुत्रे पेन्शनीत जातील.

वर्गीसने अर्ध्या तासात टेबलावर कोकण आणि देश दोन्ही मांडले. मेतकूट, थालीपिठाची भाजणी, आंबोशी, पायमोज्यात कढीलिंब, औषधाच्या बाटलीत लोणचं. कुलकर्णीसाहेब बँकेत रिस्क मॅनेजर. त्यांच्या लॅपटॉपच्या बॅगेतून शेंगदाण्याची चटणी निघाली.

"ये क्या है, साब?" वर्गीसने विचारलं.

"डॉक्युमेंट्स," कुलकर्णी म्हणाले.

मी नियम सांगितले. खाऊची एकच बॅग, निळी. बिया, ताजं काही, घरचं वाळवण बाद. यादी वर चिकटवायची. ती बॅग कुलकर्णींच्या नावावर, फॉर्मवर 'हो' तेच म्हणणार, बाकी सगळे 'नाही'. आणि शेवटचा नियम मी टेबलावर हात आपटून सांगितला. "बॅग ज्याची, माल त्याचा. कोणी दिलं, कोणी ठेवलं, काही चालणार नाही. सही केली की खलास."

दाऊदचाचांची बायको, झुबेदाचाची, पुढे आल्या. हातात सोड्यांची पिशवी. सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी. वास अस्करपर्यंत गेला असेल.

"ह्या निळ्या बॅगेत घाला, भाऊ."

कुलकर्णीवहिनी दोन पावलं मागे सरकल्या. "चाची, त्यात आमची भाजणी आहे हो."

"मग? भाजणीला चव येल."

सोडे बाद झाले. कोकमाचं आगळ तेवढं पास झालं. शेवटी वर्गीस माझ्याकडे वळला. "सावंत साब, आपका बॅग?"

"मी लीडर आहे," मी म्हणालो. "यल्ला, पॅक अप."

सगळे हसले. चाची हसल्या नाहीत. त्या माझ्या बॅगेकडे बघत होत्या. ते मी पाहिलं, पण त्याचा अर्थ मला सँटियागोला लागला.

टूर छान चालली होती. रिओला डोंगरावरून शहर बघून कुलकर्णींनी पहिल्यांदा फोन खिशात ठेवला. इग्वासूला पाण्याचा आवाज असा, की माझी कवळीतली नव्हे, खरी दाढही हलली. सगळे भिजून गप्प. एकटे दाऊदचाचा म्हणाले, "पानी आमच्याकडं पण पडता. बर्फ कवा?" ब्युनोस आयर्सला आठ पदरी रस्ता ओलांडताना तेच. "सावंत, बर्फ कवा?" मी म्हणायचो, "इंशाल्ला, गुरुवारी." रोज आठ-दहा वेळा.

आणि बुधवारी कुत्रा बसला. आधी निळ्या बॅगेसमोर. कुलकर्णींनी यादी पुढे केली, इन्स्पेक्टरबाईंनी आगळाची बाटली उघडून वास घेतला, भाजणी चिमटीत धरून पाहिली आणि सगळं परत दिलं. दहा मिनिटं. माझी छाती गोडाऊनएवढी झाली. वर्गीसला फोटो पाठवायला मी मोबाईल काढतोय, तोच कुत्रा माझ्या बॅगेसमोर बसला.

बाईंनी बाजूचा कप्पा उघडला. सोडे.

"हे तुमचं?" त्यांनी इंग्रजीत विचारलं. "की कोणी ठेवायला दिलं?"

मागून झुबेदाचाची कुजबुजल्या, "भाऊ, मी ठेवलं ओ. सकाली हॉटेलात. सलमाबादला तुमची बॅग कोनी उघडली नव्हती. मना वाटला, हितं पण नाय उघडनार."

तर्कात एकही भोक नव्हतं. अकरा वर्षांत इतकं सरळ कारण मला कोणी दिलेलं नाही.

मी घड्याळ पाहिलं. दीड तास उरला होता. 'ह्यांनी दिलं' म्हटलं की चाची बाजूला. चाची बाजूला की चाचा बाजूला, कारण तो माणूस बायकोला सोडून पुढे जाणाऱ्यातला नव्हता. चाचांचा चेहरा पाहिला. पॉटरूममध्ये अलार्म वाजल्यावर माणूस जसा उभा राहत असेल तसे उभे होते. चाची पुढे सरकायला लागल्या.

"चाची, एक शब्द नको," मी म्हणालो. मग बाईंना सांगितलं, "बॅग माझी, फॉर्म माझा. माल माझाच."

"तुम्ही 'नाही' लिहिलंय."

"लिहिलंय."

"'हो' लिहिलं असतं तर कदाचित नेऊही दिलं असतं," त्या म्हणाल्या. ते मला दंडापेक्षा जास्त लागलं.

कुलकर्णींच्या हातात मी सगळ्यांची तिकिटं, हॉटेलचे कागद आणि बोटीची पावती दिली. "साहेब, आता तुम्ही लीडर. पळा."

"मला स्पॅनिश येत नाही, सावंत."

"मला तरी कुठे येतं?" मी म्हणालो. अकरा वर्षांतलं हे माझं दुसरं गुपित होतं. चाचा मागे वळून वळून बघत होते. मी हात केला. "चाचा, बर्फ उद्याच. यल्ला."

त्यांना फ्लाइट मिळाली. मला दुसऱ्या दिवशीची मिळाली, ती भलत्याच गावाला, आणि पुढे तीन तास बस. हॉटेलात पोचलो तेव्हा बोट परत येऊन सगळे जेवायला बसले होते. लीडरशिवाय तेरा माणसं गेली, ग्लेशियर पाहिलं आणि तेराच परत आली. वर्षानुवर्षं मी सांगत होतो की माझ्याशिवाय ग्रुप एक पाऊल टाकू शकत नाही. ते तिथे कायमचं मोडलं, आणि तरीही इतका ताठ मी कधी चाललो नसेन. शिस्त सलमाबादची होती, चालवणारे कुलकर्णी, पण शिकवणारा मीच.

बोटीवर ग्लेशियरच्या बर्फात व्हिस्की देतात. आमच्या लोकांनी नुसता बर्फ मागितला आणि कोकम सरबत केलं. कुलकर्णींनी मला व्हिडिओ दाखवला. सगळे ग्लास उंचावतायत, मागे ती निळी भिंत. चाचांचा ग्लास टेबलावर तसाच. त्यांनी मुठीएवढा बर्फाचा खडा उघड्या हातावर धरलाय आणि बघतायत. हात लाल झाला तरी सोडत नाहीत. चाची ओरडतायत, "ओ, टाका ना तो."

मी चाचांना विचारलं, "कसा होता?"

 त्यांनी तळहात उघडून दाखवला. "गार नाय लागत, सावंत. भाजतो. आपल्या पॉटरूमसारखाच." आणि हसले. "पन ह्याला हात लावता येतो."

बाकी, आमच्या ऑफिसच्या नव्या पोस्टरवर चाचाच आहेत, हातात बर्फ घेऊन. गिऱ्हाईकांना मी ग्लेशियरचं वर्णन पूर्वीसारखंच करतो. फक्त आता त्यात भाजण्याचं घालतो. ऐकणारे म्हणतात, सावंत, हे पाहिल्याशिवाय सुचत नाही. मी बुकिंगचा फॉर्म पुढे सरकवतो.

सलमाबादची ड्रिल आजही होते. वर्गीसने तिच्यात एकच बदल केलाय. पहिली बॅग माझी उघडतो, बाजूच्या कप्प्यापासून.