लोखंडी डबीतली गाठ

नव्वदच्या सुमारास आमच्या ऑर्केस्ट्रात गिटारवाले दोघे होतो. लीड, म्हणजे मुख्य गिटार, कायमची कुणाला द्यायची, हे मालक अंजूर गावच्या कार्यक्रमानंतर ठरवणार होते. मला ती जागा हवी होती. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढे आडपडदा राहणार नाही.

गिटारचा आवाज फाडायचं, पायाने दाबायचं माझं पेडल मुंबईहून आणलेलं, स्वस्तातलं, लालभडक. दिसायला देखणं, पण वायर खुपसायचा जॅक प्लास्टिकचा आणि पत्रा बिस्किटांच्या डब्याचा वाटावा असा. तिसऱ्या महिन्यातच बटण दोनदा दाबल्याशिवाय चालेना. दुसरा गिटारवाला, माझा जोडीदार, हा धामणकर नाक्याजवळच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात फिटर. त्याने आपलं पेडल घरीच बनवलं होतं. जाड लोखंडी डबी, भंगारातल्या मशीनचं बटण, रंगाचा पत्ता नाही. ती डबी टेम्पोतून दोनदा पडली, एकदा ढोलकीवाला तिच्यावर बसला. काही झालं नाही.

"तुझं पेडल जावयासारखं हाय," तो मला म्हणायचा. "जरा मान कमी पडला की रुसतं."

सगळे हसायचे, मीही हसायचो. तो माझ्यापेक्षा चांगला वाजवतो, हे मला कबूल करवत नव्हतं. म्हणून मी डबीवर जळायचो.

अंजूरला दुपारी सामान लागलं. तो जेवायला गेला तेव्हा मी डबीचे चार स्क्रू काढले. आतल्या वायरी त्याने लूमच्या सुताने आवळून बांधल्या होत्या, ओढ बसली तरी सोल्डरिंगचा डाग सुटू नये म्हणून. इतकं निगुतीचं काम पाहून मला लाज वाटायला हवी होती. मी जास्तच चिडलो. सूत तोडलं, एक वायर मागेपुढे वाकवून तोडली आणि सूत पुन्हा बांधून झाकण लावलं.

संध्याकाळी त्याने बटण दाबलं, तर गिटार मुकी. तो गिटारची वायर डबीतून काढून थेट अॅम्प्लिफायरला लावेपर्यंत मालकांनी मला लीड घ्यायची खूण केली होती. माझा जावई त्या दिवशी एकदाही रुसला नाही. लीड मला मिळाली.

पुढे माझ्या पेडलचा जॅक निखळला. दुरुस्तीला मी त्याच्याकडेच गेलो, इतका निर्लज्ज. त्याने लोखंडी जॅक बसवला, डाग दिला, वायरींना सूत गुंडाळलं.

"हिकडं बघ," तो म्हणाला. "तुटल्यालं सूत आमच्या कारखान्यात असं जोडतात. तू माझ्या डबीत मारलीस ती कचेरीतली गाठ."

माझे वडील तहसील कचेरीत कारकून. फायलींचे गठ्ठे बांधायला मी लहानपणी त्यांच्याकडूनच शिकलो होतो.

त्याने आपली कारखान्यातली गाठ सोडून पुन्हा सावकाश मारून दाखवली. "पुढल्या वेळी अशी मार. म्हंजे कळायचं न्हाय कुणाला."

खरं सांगतो, त्या क्षणीसुद्धा माझं लक्ष त्याच्या बोटांकडे होतं. ती गाठ मला एकदा पाहून उमगली नाही, याचाच हेवा वाटत होता.

"घे. आता पडलं तरी चालंल."

मी पेडल पिशवीत टाकलं. जागा परत दे, असं तो म्हणाला नाही. घे, असं मीही म्हणालो नाही. चार वर्षं मी लीड वाजवली. ते पेडल एकदाही बंद पडलं नाही.