परसाकडची सोबत

घोटावड्यातून निघाले त्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या बाया रडल्या, माझी आय तेवढी रडली नाही. पिरंगुटला यष्टी येईपर्यंत ती माझ्या हातात एक पुरचुंडी कोंबत होती. आत बाळहिरडे, पोट साफ व्हायचं औषध, एरंडेलात फुलवून कुटलेले. डोंगरवाडीची एक बाई दरसाल तांदळाच्या बदल्यात ते आमच्याकडे टाकून जायची. गाडी सुटता सुटता आयनं खिडकीपाशी येऊन विचारलं ते एवढंच, "सकाळी झालं का गं नीट?" भरल्या गाडीत! नव्या लग्नाची मी, शेजारी मालक बसलेले. लाजेनं मेल्यासारखं झालं. मी नुसती मान हलवली, आणि गावाकडं वळून बघायचंच राहिलं.

हे कशाला लिहिते, असं म्हणाल. चौथीपर्यंत शिकले ते कधी कशाला वापरलं नाही, आणि हे आता सांगायलाच हवं झालंय म्हणून लिहिते. तुमच्यापासून काय लपवायचं? पहाटे दारावरून हाक यायची, "येतीस का गं?" की तांब्या घेऊन निघायचं. आय, मी, चुलती, शेजारच्या दोघी. ओढ्यापलीकडं करवंदीच्या जाळ्या, तिथं एकमेकींकडं पाठ करून बसायचं आणि बोलायचं. कुणाची गाय व्यायली, कुणाच्या सासूनं काय तोंड सोडलं, सगळं तिथंच कळायचं. बोलणं संपायच्या आत पोट मोकळं झालेलं असायचं. याला कष्ट पडतात हे मला ठाऊकच नव्हतं.

मुंबईला आले तेव्हा महाराष्ट्र अजून व्हायचा होता. चाळीत तिसऱ्या मजल्यावर एक खोली. गॅलरीच्या टोकाला बायकांचे तीन संडास, आणि मजल्यावर वीस बिऱ्हाडं. टमरेल घेऊन लाईनीत उभं राहायचं. नंबर लागून आत बसलं, की दारावर धाडधाड. "अगं ए, झोपलीस का आत?" आलेली कळ जागच्या जागी जिरायची. मी तशीच उठून बाहेर यायची आणि झाल्यासारखं तोंड करायची. एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस. पोट दगड झालं.

मग मी शहाणपणा केला. खाल्लंच नाही तर जायलाच नको, असं ठरवलं. जेवण अर्धं केलं, पाणी तर घोटघोट. रेशनचा तांदूळ आणि चहात बुडवलेला पाव, पालेभाजीचं नाव नाही. त्यानं आणखीच अडलं. मग एका सकाळी आयची पूड दोन चमचे घेतली आणि वर वाटीभर एरंडेल प्यायले. नको तेवढं! गुण आला तो लाईनीत. माझ्यापुढं नऊ जणी. मी वाकले, विनवलं, एकीनंही वाट दिली नाही. पुढं काय झालं ते लिहीत नाही. दोन बादल्या पाणी ओतून गॅलरी मीच धुतली, आणि त्यानंतर आठ दिवस डोळे वर केले नाहीत.

पुढं पुढं रक्त पडायला लागलं. डॉक्टर म्हणाले, "पाणी भरपूर प्या, भाजी खा, रोज ठरल्या वेळेला जा आणि आलेली कळ दाबू नका." बरोबरच होतं त्यांचं. पण कळ यायची तेव्हा पुढं लाईन असायची, ती त्यांना कुठं दिसत होती?

मालक वाईट नव्हते. पण रात्रपाळी करून आलेल्या माणसानं रोज बायको पोट धरून बसलेली बघायची म्हणजे काय! एकदा म्हणाले, "शिमग्याला तुला गावी सोडतो. हितं तुझ्या पोटाला न्हाई सोसत." गावी सोडलेल्या बायका मी बघितल्या होत्या. नवरा शिमग्याला चार दिवस आणि गणपतीला चार दिवस, एवढाच संसार. मला तसं नको होतं. मला ही दहा बाय दहाची खोली आणि त्यात हा माणूस हवा होता.

शेजारच्या खोलीत हौसाबाई राहायची, साताऱ्याकडची विधवा, गिरणीत कामाला जायची. तिनं मला एकदा पायरीवर रडताना गाठलं. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "गावात कशी जायचीस?" मी सांगितलं. करवंदीच्या जाळ्या, आय, चुलती, बोलणं. ती कपाळावर हात मारून हसली. "मग हितं मुक्यानं का बसतीस, बये? उद्या मी येते संगं."

दुसऱ्या दिवशी नळाला पाणी यायच्या आधीच तिनं मला उठवलं. आधी दोन भांडी कोमट पाणी पाजलं. मी आत गेले, ती दाराला पाठ लावून बाहेर उभी राहिली आणि बोलायला लागली. गिरणीतला मुकादम मेला कसा छळतो, तिच्या भावानं म्हैस कशी घेतली. कुणी दार वाजवायला आलं की खेकसायची, "बाकीची दोन दारं काय दिसत न्हाईत व्हय?" मी आतून हूं हूं करत होते. पहिले तीन दिवस काही झालं नाही. चौथ्या दिवशी म्हशीच्या दुधाचा हिशेब चालला असताना झालं. मी आतच रडले. शिमगा आला आणि गेला, मी खोलीतच राहिले.

याला आता बारा वर्षं होतील. हौसाबाई गिरणी सोडून गावी गेली. मला सवय झालीय, एकटी जाते. तीन पोरं, मालकांच्या पाळ्या, नळाची भांडणं, जीव थकून जातो. कधी वाटायचं, माझ्याच पोटाला हे भोगायचं होतं, तिकडं आय कशी निवांत असेल.

गेल्या महिन्यात आय पहिल्यांदा मुंबईला आली. चार दिवस झाले, भाकरी कोर कोर मोडत होती, पाण्याला हात लावीना. मी काय ते ओळखलं. पाचव्या दिवशी पहाटे उठवून तिला कोमट पाणी दिलं आणि दाराबाहेर उभी राहिले. पोरांचं सांगितलं, हौसाबाईचं सांगितलं. आतून आयचा आवाज आला, "लई बरं वाटतंय गं. तू गेल्यापास्नं मी एकलीच जाते. चुलती मेली, पोरी लगीन होऊन गेल्या. बोलाय कोण हाय? हिरड्याबिगर दिसच जात न्हाई माझा." बारा वर्षं! आणि मला वाटत होतं, हिरड्याची गरज माझ्याच पोटाला पडली. आतून तीच म्हणाली, "गप का झालीस? बोल की."

परवा तिला यष्टीत बसवलं. खिडकीपाशी जाऊन मीच विचारलं, "आये, सकाळी झालं का नीट?" भरल्या गाडीत ती हसली, "व्हय." गाडी हलली तेव्हा खिडकीतून वाकून म्हणाली, "आज झालं गं. उद्या कुणासंगं जाऊ?"

तुझं घर कुठलं, असं मला इथं पुष्कळ जण विचारतात. मला फक्त ती पहाटेची हाक आठवते. घोटावड्यात हे कुणी वाचत असाल, तर माझी आय ओढ्याच्या वाटेला तिसऱ्या घरात असते. जाता जाता तिच्या दारावरून एक हाक मारा, "येतीस का?"