फॉन्टमध्ये नसलेला ‘ळ’

२२ एप्रिल, बुधवार. काम — कॉम्प्युटरमधले जुने फॉन्ट काढून टाकणे.

भूतखेत मी मानत नाही. आजही नाही. श्रीवर्धनला घराच्या पडवीत माझं टायपिंगचं दुकान आहे. हा तिसरा कॉम्प्युटर. दरवेळी जुने फॉन्ट आधी सीडीवर, मग पेनड्राइव्हवर घेऊन नव्यात टाकायचे... कारण गिऱ्हाईक दहा वर्षांपूर्वीची फाइल आणतं, आणि तिचा फॉन्ट नसला की मराठीच्या जागी नुसता कचरा दिसतो. साडेचारशे साठले होते. मशीन सुरू होईस्तोवर चहा उकळून व्हायचा.

त्यात एक ‘ताई’ नावाचा. माझ्या थोरल्या बहिणीचं अक्षर. लग्नपत्रिकांसाठी मीच बनवलेला — चौकटींच्या कागदावर तिने एकेक अक्षर लिहायचं, मग स्कॅन. ‘ह’पर्यंत आली आणि दारात भावोजी. “घरी कोन रांधनार?” म्हणत केसांना धरून ओढत नेलं तिला. पुढची ‘ळ’ची चौकट कोरीच राहिली. म्हणून या फॉन्टमध्ये तिच्या सासरचं गाव ‘म्हसळा’ टाइप केलं की मधे रिकामा चौकोन यायचा.

दोन वर्षांनी म्हसळ्याला त्यांच्या विहिरीत ताई सापडली. डोकं फुटलेलं. भावोजी म्हणाले, पाय घसरला. केस झालीच नाही. तिची मुलगी सायली तेव्हापासून माझ्याकडे.

त्या दुपारी तो फॉन्टही डिलीट केला. कामाचा नव्हता.

तासाभरात भावोजी हजर. “पोरीला न्यायला आलोय. स्थळ हाय.”

“सतरा वर्षांची आहे ती.”

“बाप मी हाय का तू?”

“मग लिहून द्या. ताई कशी गेली तेही लिहा, सही करा आणि न्या.”

वाटलं, कच खातील. ते खुर्ची ओढून बसले आणि मजकूर सांगू लागले. मी नेहमीच्या फॉन्टमध्ये टाइप केलं — ‘माझी पत्नी म्हसळा येथे पाय घसरून विहिरीत पडली...’ स्क्रीनवर सगळं ठीक. प्रिंट दिली.

कागद आला तो ताईच्या अक्षरात. आणि ‘म्हसळा’त चौकोन नव्हता. ‘ळ’ होता. तिचाच, एक गाठ मोठी, एक बारीक — जो तिने त्या कागदावर लिहिलाच नव्हता.

“कुनी लिवलंय ह्ये?”

“प्रिंटरने.”

त्यांनी प्रिंटर उचलून जमिनीवर आपटला. मग कागद कापायची लोखंडी पट्टी माझ्या कपाळावर. रक्त डोळ्यात उतरलं. “दोनदा वरवंटा घातला डोक्यात! मग लिवते कशी ती?” पुन्हा पट्टी उगारली... सायली आतल्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं. स्टूल उचललं आणि त्यांच्या हातावर हाणलं. हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. ते तसेच पळाले.

फाइल उघडून पाहिली — साधा फॉन्ट. ‘ताई’ यादीत नाही. एका जाणकाराने सांगितलं, प्रिंटरच्या मेमरीत राहिला असेल. असेल. पण ‘ळ’ कुठून आला, ते त्यालाही सांगता आलं नाही. मलाही येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कपाळाला पाच टाके, सायली आणि तो कागद घेऊन पोलीस स्टेशनला गेले.

हवालदार म्हणाला, “मॅडम, टाइप करून आणा.”

“प्रिंटर फुटलाय,” म्हटलं, आणि तिथेच बाकावर बसून तक्रार हाताने लिहिली. खाली साक्षीदार म्हणून सायलीने सही केली.